शाळेतल्या करिअर काउन्सेलर: थोरल्याचा रिपोर्ट आणि धाकटीच्या पाच भेटी

धाकटीच्या शाळेत पूर्णवेळ करिअर काउन्सेलर मॅडम आहेत. नववीपासून आत्तापर्यंत तिच्या त्यांच्याशी पाच भेटी झाल्या, त्यातल्या दोनमध्ये मीही होते. थोरला दुसऱ्या शाळेत होता, तिथेही करिअर गायडन्स म्हणून एक प्रकार झाला होता, तोही मी जवळून पाहिलाय. म्हणजे एकाच नावाच्या दोन अगदी वेगळ्या गोष्टी आमच्या घरात येऊन गेल्या, आणि नववी-दहावीतल्या मुलांच्या आईबाबांना याचा उपयोग होईल म्हणून सगळं सविस्तर लिहितेय.

आधी थोरल्याचं. त्यांच्या शाळेने बाहेरून एक टीम बोलावली, अख्ख्या इयत्तेला हॉलमध्ये बसवलं, दीडशेच्या वर प्रश्नांची टेस्ट घेतली आणि दीड महिन्याने चौतीस पानांची पीडीएफ आली. रंगीत ग्राफ, पाय चार्ट, सगळं चकाचक. पहिल्याच पानावर लिहिलेलं, तुमच्यात नेतृत्वगुण आहेत पण कधीकधी स्वतःच्या निर्णयाबद्दल शंका येते, तुम्हाला माणसं आवडतात पण एकांतही लागतो. आम्ही दोघं वाचून थक्क झालो, अगदी आपलाच मुलगा! मग काउन्सेलरबरोबर जेमतेम आठ मिनिटांची भेट, त्यात त्यांनी ग्राफवर बोट ठेवून सांगितलं की इंजिनीअरिंग, मॅनेजमेंट, लॉ, डिझाइन, चारही चालेल, मार्क चांगले आहेत तर इंजिनीअरिंगच घ्या. त्याला काय वाटतं, घरी मोकळ्या वेळात तो काय करतो, कुठल्या तासाला कंटाळतो, यातलं एकही विचारलं नाही. तो गप्प बसला, आम्हीही गप्प बसलो, आणि दीड वर्षाने मला हे जमत नाहीये म्हणून तो रात्री दोन वाजता माझ्याजवळ येऊन रडला. विषय बदलले, एक वर्ष गेलं. आता तो छान चाललाय, पण ते वर्ष त्याने कसं काढलं ते मी पाहिलंय, म्हणून या विषयावर मी इतकी पोटतिडकीने बोलते.

नंतर मी यावर बरंच वाचलं, तेव्हा ते पहिलं पान मला उलगडलं. 1948 मध्ये बर्ट्राम फोरर नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने आपल्या वर्गातल्या 39 विद्यार्थ्यांची व्यक्तिमत्त्वाची टेस्ट घेतली आणि प्रत्येकाला त्याचं त्याचं म्हणून वर्णन दिलं. किती बरोबर वाटतं ते पाचपैकी सांगा म्हणाला, तर सरासरी आली 4.26. प्रत्यक्षात सगळ्यांना एकच मजकूर दिलेला होता आणि त्यातली बरीचशी वाक्यं राशिभविष्याच्या पुस्तकातून उचललेली होती. थोरल्याच्या मित्रांच्या रिपोर्टांची पहिली पानं मी मागून बघितली, थोडीफार शब्दांची फिरवाफिरव सोडली तर तेच. तेव्हापासून कुठलाही रिपोर्ट हातात आला की मी आधी बघते, हे वाक्य शेजारच्या मुलालाही लागू पडतंय का? पडत असेल तर त्यातून माझ्या मुलाबद्दल काहीच कळलेलं नाही.

टेस्टच वाईट असं मात्र मला म्हणायचं नाहीये, आणि हे मला धाकटीच्या मॅडमकडे कळलं. त्यांनीही टेस्ट घेतली, जॉन हॉलंड या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाच्या सहा प्रकारांवर बेतलेली. हॉलंडने ही मांडणी 1959 मध्ये केली आणि जगभर अजून वापरतात. हाताने काम करायला आवडणारे, शोध घ्यायला आवडणारे, कलेकडे ओढा असणारे, माणसांना मदत करणारे, लोकांना पटवून काम पुढे नेणारे आणि नीटनेटकं, पद्धतशीर काम आवडणारे, असे सहा कल, आणि प्रत्येकात दोन-तीन कलांचं मिश्रण. मॅडमनी पहिल्याच वाक्यात सांगितलं की यातून आवड कळते, कुवत कळत नाही, आणि पंधराव्या वर्षीची आवड म्हणजे काही आयुष्यभराचा करार नाही. थोरल्याच्या वेळी हे वाक्य कुणी बोललं असतं तर.

आता खरी गंमत पुढे आहे. टेस्ट झाल्यावर त्यांनी निकाल लगेच दाखवलाच नाही. धाकटीला म्हणाल्या, "कुठल्या प्रश्नाला तुझी पेन्सिल थांबली होती?" ती बराच वेळ गप्प. मग म्हणाली, आजारी माणसांची काळजी घ्यायला आवडेल का, या प्रश्नाला. मी हो लिहिलं, कारण नाही लिहिलं तर वाईट दिसेल ना. मॅडम म्हणाल्या, "बरं, इथे वाईट दिसायला कुणी नाहीये, आता सांग." आणि ती म्हणाली, मला आजार काय आहे ते शोधून काढायला आवडेल, पण माणसाजवळ बसून राहायला नाही जमणार. मी शेजारच्या खुर्चीत होते. पंधरा वर्षं जिला वाढवली तिच्या तोंडून हे मी पहिल्यांदा ऐकत होते. ग्राफमध्ये हे कुठे येणार? मदत करण्याच्या कलात तिचा स्कोअर चांगला आला असता आणि कुणीतरी नर्सिंग, सोशल वर्क असं छापून दिलं असतं.

दुसऱ्या भेटीला मी नव्हते, ती घरी येऊन सांगत होती. मॅडमनी टेबलावर कामधंद्यांची कार्डं पसरली, साठ-सत्तर असतील, आणि दोन गठ्ठे करायला सांगितले, एक विचार करेन असा आणि एक नकोच असा. हिला वाटलं आता विचार करेन त्या गठ्ठ्यावर बोलणार, तर त्यांनी तो बाजूला सारला आणि नकोच वाला गठ्ठा उचलला. एकेक कार्ड धरून, हे का टाकलंस? वेल्डिंग, "ते मुलांचं काम आहे ना." पायलट, "आपल्याकडे कुणी नाहीये तसलं." प्रयोगशाळेतली टेक्निशियन, "त्यात काय, डॉक्टरच्या खालचं काम." मॅडम काहीही न बोलता प्रत्येक उत्तर कार्डाच्या मागे पेन्सिलीने लिहीत होत्या, आणि शेवटी ती कार्डं हिच्याकडे सरकवून म्हणाल्या, यातली किती कारणं तुझी स्वतःची आहेत ते तूच मोज. हिने मोजली. बावीसपैकी सहा.

हे त्यांच्या मनाचं नाही, यामागे अभ्यास आहे. लिंडा गॉटफ्रेडसन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञ बाईंनी 1981 मध्ये मांडलं की मुलं करिअर निवडतात त्याच्या कितीतरी आधी करिअर खोडायला लागतात. साधारण सहा ते आठ वर्षांच्या वयात हे मुलींचं, हे मुलांचं असं करून एक मोठा ढीग बाद होतो, मग नऊ ते तेरात हे आपल्या लायकीचं नाही किंवा हे आपल्याला झेपणार नाही असं करून दुसरा ढीग. स्वतःला काय आवडतं हा विचार त्याच्या नंतर येतो. म्हणजे नववीतलं मूल काउन्सेलरसमोर येऊन बसतं तेव्हा त्याच्या हातातली यादी आधीच निम्मी झालेली असते, आणि कुणी कापली हे त्यालाही माहीत नसतं. माझ्या मते शाळेतल्या काउन्सेलरचं सगळ्यात मोठं काम इथे आहे, आणि ते वर्षातून एकदा येणाऱ्या पाहुण्याला जमण्यासारखं नाही.

धाकटीचं म्हणणं तोपर्यंत एकच होतं, मला जनावरांची डॉक्टर व्हायचंय. मॅडमनी ना शाबासकी दिली, ना नाक मुरडलं. एका कोऱ्या कागदावर तीन रकाने आखले: मला काय माहीत आहे, हे मला कुणी सांगितलं, आणि खात्री कशी करणार. पहिल्या रकान्यात सात ओळी झाल्या, दुसऱ्यात त्या सातांपैकी पाच व्हिडिओंमधून आलेल्या, आणि तिसरा रकाना पूर्ण रिकामा. तो रिकामा रकाना भरायचा एवढाच पुढच्या महिन्याचा गृहपाठ. त्यासाठी मॅडमनी स्वतः एका जनावरांच्या दवाखान्यात बोलून तिला दोन दिवस नुसतं बसायची परवानगी काढून दिली, शाळेचं पत्र दिलं, काय विचारायचं त्याचे प्रश्न तिच्याकडूनच लिहून घेतले. सकाळी आल्यावर पहिलं काम काय करता, कुठल्या कामाचा कंटाळा येतो, गेल्या वर्षात सगळ्यात अवघड दिवस कुठला होता, असे.

पहिल्या दिवशी ती पडलेल्या चेहऱ्याने आली. पिल्लांना कुरवाळणं फारसं नव्हतंच, फोन, नोंदी, घाबरून चावणारी कुत्री, आणि एका म्हाताऱ्या कुत्र्याला शेवटचं इंजेक्शन दिलं तेव्हा त्याच्या मालकाचं रडणं. जेवली नाही नीट. मला वाटलं, संपलं आता. दुसऱ्या दिवशी मात्र घरात शिरली ती सरळ काचेचे दोन तुकडे शोधायला लागली. तिथल्या डॉक्टरांनी तिला रक्ताचा स्मिअर कसा करतात ते दाखवलं होतं. काचेच्या पट्टीच्या एका टोकाला रक्ताचा बारीकसा थेंब, दुसरी पट्टी त्याच्यापुढे तिरकी धरायची, मागे ओढून थेंबाला टेकवायची, थेंब कडेने पसरला की एका दमात पुढे सरकवायची, ना जोर द्यायचा ना मध्ये थांबायचं. नीट जमलं तर पातळ होत जाणारा, शेवटाला पिसासारखा विरणारा थर मिळतो, आणि त्या पातळ कडेजवळ पेशी एकेकट्या सुट्या दिसतात. तिने घरी रंगाचं पाणी घेऊन वीसेक वेळा केलं. मायक्रोस्कोपखाली काय काय बघितलं ते झोपेपर्यंत सांगत होती. आजार काय आहे ते शोधायला आवडेल, हे पेन्सिल थांबलेलं उत्तर मला तेव्हा आठवलं, आणि तिलाही आठवलं असणार, कारण पुढच्या भेटीत तिने स्वतःहून तो नकोच वाला गठ्ठा मागून घेतला आणि त्यातून लॅब टेक्निशियनचं कार्ड बाहेर काढलं.

इंग्लंडमध्ये शाळांसाठी 2014 मध्ये करिअर मार्गदर्शनाचे आठ निकष ठरवले गेले, गॅट्सबी बेंचमार्क्स म्हणतात त्यांना. त्यात साफ म्हटलं होतं की सोळाव्या वर्षापर्यंत प्रत्येक विद्यार्थ्याला कामाच्या जागेचा निदान एक प्रत्यक्ष अनुभव मिळावा आणि प्रशिक्षित सल्लागाराबरोबर निदान एक वैयक्तिक भेट व्हावी, आणि अठरापर्यंत आणखी एका भेटीची संधी असावी. पूर्वी मला हे कागदी वाटलं असतं. ते दोन दिवस पाहिल्यावर वाटतं, वैयक्तिक भेट आणि कामाची जागा यातलं एकही गाळलं तर बाकीचं हवेत राहतं. नुसतं दवाखान्यात पाठवलं असतं तर ती पहिल्या दिवसाचा पडलेला चेहरा घेऊन बसली असती, त्यावर परत बोलायला कुणीतरी होतं म्हणून त्याचं काहीतरी झालं.

आता माझी आणि मॅडमची जी थोडी खटकाखटकी झाली ती पण सांगते. चौथ्या भेटीला मी सरळ विचारलं, "मॅडम, मग हिने नक्की काय घ्यावं?" माझा जीव टांगणीला लागला होता, थोरल्याचं सगळं डोळ्यासमोर होतं. त्या शांतपणे म्हणाल्या, "ते मी ठरवलं, तर उद्या अडलं की ती मलाच शोधत येणार, आणि मी तिथे नसणार. तिला ठरवता आलं पाहिजे." मला राग आला. मनात म्हटलं, मग तुम्ही इथे बसलाय कशाला? पण त्यांनी पुढे जे समजावलं ते पटलं. करिअर मार्गदर्शनाच्या या सगळ्या क्षेत्राची सुरुवात धरतात ती 1908 मध्ये बॉस्टनला फ्रँक पार्सन्स यांनी सुरू केलेल्या व्होकेशन ब्युरोपासून, म्हणजे कामधंदा निवडायला मदत करणाऱ्या केंद्रापासून, आणि त्यांची मांडणी तीन पायऱ्यांची होती, स्वतःला ओळखणं, कामाची खरी माहिती मिळवणं, आणि या दोन्हींची सांगड विचार करून घालणं. मॅडमचं म्हणणं, पहिल्या दोन पायऱ्यांवर मी हात धरते, तिसरी मी चढले तर ती माझी होते. शिवाय डोनाल्ड सुपर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाच्या मांडणीत साधारण पंधरा ते चोवीस हा काळच शोधाशोधीचा धरलाय, मग दहावीत ठरलं नाही म्हणून पोर मागे पडली असं का मानायचं? आजही आत्याने, काकाने विचारलं की ही न लाजता सांगते, दोन गोष्टी मनात आहेत, बघतेय. पूर्वी हाच प्रश्न आला की ती खोलीत निघून जायची.

दुसरी खटकलेली गोष्ट म्हणजे भेटीत काय बोलणं झालं ते त्या मला सगळं सांगत नाहीत. विचारलं तर म्हणतात, तिला विचारा. पहिल्या भेटीतच त्यांनी दोघींसमोर स्पष्ट केलं होतं की मुलांचं बोलणं त्यांच्याकडेच राहील, फक्त जिवाला धोका असेल किंवा कुणी त्रास देत असेल तर ते घरी आणि शाळेत सांगावंच लागेल. सुरुवातीला आई म्हणून मला हे जड गेलं. पण वाईट दिसेल म्हणून हो लिहिणारी मुलगी खरं बोलायला लागली ती याच भरवशावर, हे मी नाकारू शकत नाही. आणि हो, फार चिंता, झोप न लागणं, घरातलं काही दुःख असं दिसलं तर त्या स्वतः उपचार करायला जात नाहीत, योग्य माणसाकडे पाठवतात, तेही मला आवडलं.

अर्ज, शेवटच्या तारखा, स्कॉलरशिप, शिफारसपत्र ही कामं त्या चोख करतात, त्यावर फार लिहीत नाही. एक मात्र सांगते, पगाराचे आकडे कसे वाचायचे ते त्यांनी मुलांना शिकवलं. सरासरी पगार म्हटलं की दोन-चार प्रचंड पगारवाले सगळ्यांची सरासरी वर खेचतात, म्हणून सगळे पगार लहान-मोठे ओळीने लावले की मधोमध येतो तो आकडा विचारा, आणि किती जणांचा हिशोब धरलाय तेही विचारा. हे मोठ्यांनाही शिकण्यासारखं आहे.

तक्रारी. मोठी तक्रार म्हणजे त्या एकट्या आहेत आणि मुलं सहाशेच्या आसपास. अमेरिकन स्कूल काउन्सेलर असोसिएशनची शिफारस एका काउन्सेलरमागे 250 विद्यार्थ्यांची आहे, त्याच्या दुपटीच्या वर झालं की हे. आम्हाला तिसऱ्या भेटीसाठी पाच आठवडे थांबावं लागलं. त्यात परीक्षा आल्या की शाळा त्यांना सुपरव्हिजनला बसवते, शिक्षक गैरहजर असले की त्यांच्या तासाला पाठवते, म्हणजे ज्या दिवसांत मुलं सर्वात जास्त घाबरलेली असतात नेमक्या त्याच दिवसांत त्यांच्या खोलीला कुलूप. यात मॅडमचा दोष नाही, शाळेचा आहे, आणि पालक सभेत मी हे बोलले आहे आणि पुन्हा बोलणार आहे. खोलीही स्टाफरूमला लागून, मधे नुसतं प्लायवूड, पलीकडचं हसणं ऐकू येतं, म्हणजे इकडचं रडणंही जात असणार. आणि हाताच्या कौशल्यांच्या कामांबद्दल त्यांच्याकडची माहिती तोकडी आहे, इलेक्ट्रिशियन, मशिनिस्ट वगैरेंची फाइल जुनी पडलीय, हे त्यांनी स्वतःच कबूल केलं. धाकटीच्या वर्गातला एक मुलगा त्यासाठीच आला होता आणि त्याला विशेष काही मिळालं नाही, याचं मला वाईट वाटलं.

रेटिंग द्यायचं तर थोरल्याच्या वेळच्या प्रकाराला पाचपैकी एक, तोही टेस्ट वेळेवर सुरू झाली म्हणून. मॅडमना साडेचार, शाळेने त्यांना जी सोय दिलीय तिला अडीच.

तुमच्या शाळेत असं कुणी असेल तर पहिल्या भेटीला जाताना इतकं विचारा की पुढची भेट कधी. एकच भेट आहे असं उत्तर आलं तर तो रिपोर्ट घरी आणून ठेवा पण त्यावर विषय ठरवू नका. दुसरं, कुठल्या संस्थेकडून त्यांना प्रवेशामागे काही मिळतं का ते तोंडावर विचारा, संकोच करू नका. थोरल्याच्या वेळी टेबलावर एकाच संस्थेच्या माहितीपत्रकांचा गठ्ठा होता आणि आम्हाला तेव्हा शंकाही आली नव्हती. धाकटीच्या मॅडमनी हे न विचारता पहिल्या पालक सभेत सांगून टाकलं. तिसरं, बोटांच्या ठशांवरून करिअर सांगतो म्हणणारा कुणी शाळेने आणला तर मुख्याध्यापकांना लेखी विचारा की याला आधार काय. ठसे गर्भातच तयार होतात आणि आयुष्यभर तसेच राहतात, त्यावरून पोराला हिशोब आवडेल की चित्रकला हे कळतं याला शास्त्रीय पुरावा नाही. आणि अपॉइंटमेंट मुलाला स्वतःला घेऊ द्या. धाकटीने पहिली चिठ्ठी स्वतः लिहून दाराखालून सरकवली होती, मला काहीच माहीत नाही तरी येऊ का, एवढंच लिहिलं होतं त्यात. मॅडमनी ती अजून जपून ठेवलीय, पाचव्या भेटीत काढून दाखवली तिला. सहावी भेट परीक्षेनंतरच्या सोमवारी आहे, त्याआधी ती एका मोठ्या पॅथॉलॉजी लॅबमध्ये एक दिवस जाणार आहे, तिथे विचारायचे प्रश्न या वेळी तिने कुणी न सांगता लिहून काढलेत.